नकलाकार, नकल्या, तोतया: दुसऱ्यासारखे करणाऱ्याला काय म्हणावे?

दुसऱ्याचे पाहून तसेच करणाऱ्या माणसाला मराठी भाषा एकाच नावाने हाक मारत नाही. रंगमंचावर एखाद्या पुढाऱ्याच्या आवाजात बोलून दाखवणारा नकलाकार असतो, वर्गात गुरुजींच्या चालण्याची टर उडवणारा मुलगा नकल्या ठरतो, परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावणारा कॉपीबहाद्दर होतो आणि दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणारा तोतया म्हणून पकडला जातो. चौघांचीही क्रिया वरवर पाहता सारखीच आहे. तरीही पहिल्याच्या वाट्याला टाळ्या येतात, दुसऱ्याच्या वाट्याला दटावणी, तिसऱ्याचा पेपर रद्द होतो आणि चौथ्यावर गुन्हा दाखल होतो. हा फरक क्रियेत नाही, तो तिच्याभोवतीच्या परिस्थितीत आहे, आणि मराठीने ती परिस्थिती शब्दांतच नोंदवून ठेवली आहे.

या शब्दांकडे नीट पाहिले, तर प्रत्येक शब्द नकळत काही प्रश्नांची उत्तरे देऊन बसलेला दिसतो. आपण दुसऱ्याचे घेतले आहे हे करणाऱ्याने उघड ठेवले की लपवले? जे घेतले ते त्याला कळले होते का? आणि मूळ माणसाचे त्यात काही हिरावले गेले का? मला वाटते, योग्य शब्द निवडण्यासाठी हे तीन प्रश्न पुरेसे आहेत आणि ते न विचारता सरसकट ‘नक्कल केली’ असे म्हणणे हा लिहिणाऱ्याचा आळस आहे. म्हणून आधी त्या सर्वांत वापरातल्या शब्दापासूनच सुरुवात करू.

‘नक्कल’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अरबी धातूचा अर्थ एखादी गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे असा आहे. एका कागदावरचा मजकूर दुसऱ्या कागदावर नेला की ती नक्कल झाली. त्यात फसवणुकीचा किंवा हलकेपणाचा वासही नाही. उलट दप्तरातल्या कामकाजात नक्कल ही विश्वासाची वस्तू होती आणि आजही आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा आढळतो, म्हणजे मूळ कागदात जसे आहे अगदी तसेच या प्रतीत उतरवले आहे. न्यायालयात किंवा महसूल कार्यालयात माणसे आजही नकलेसाठी अर्ज करतात, नक्कल फी भरतात आणि हाती आलेल्या कागदावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का आहे ना हे तपासून घेतात. ‘खरी नक्कल’ हे शब्द एकत्र वाचताना आज थोडे अडखळायला होते, कारण ‘नक्कल’ ऐकताच ‘खोटे’ असे मनात येण्याची आपल्याला सवय झाली आहे; पण दप्तराच्या भाषेत त्यात काहीच विसंगत नाही. अस्सल आणि नक्कल ही तिथे खऱ्या-खोट्याची जोडी नसून मूळ आणि प्रत यांची जोडी आहे, आणि नक्कल करणाऱ्या कारकुनाचा मोठेपणा याच गोष्टीत आहे की त्याने स्वतःचे एक अक्षरही त्यात घातले नाही. ‘सातबाराचा उतारा’ या शब्दप्रयोगातला ‘उतारा’ही याच जातकुळीतला आहे: मूळ नोंदवहीतून उतरवून घेतलेला तो उतारा.

हाच शब्द पुढे नाटकमंडळ्यांत गेला. नटाला त्याच्या भूमिकेपुरती भाषणे उतरवून दिली जात, त्या उताऱ्याला नक्कल म्हणत, आणि एखाद्याची ‘नक्कल चोख पाठ आहे’ असे म्हणणे हे त्याचे कौतुक असे. इथपर्यंत शब्दाचा अर्थ कागदालाच धरून आहे. कागदावरून तो माणसाच्या अंगावर आला, म्हणजे मजकुराऐवजी आवाज, लकब, चाल, हातवारे एका देहातून दुसऱ्या देहात नेले जाऊ लागले, तेव्हा ‘नकला करणे’ हा आज सर्वांना ठाऊक असलेला अर्थ रूढ झाला. अनेकवचनाकडे लक्ष द्यावे. कागदाची नक्कल काढतात, माणसाच्या नकला करतात. ‘काढणे’ म्हटले की काम येते आणि ‘करणे’ म्हटले की खेळ येतो. क्रियापद बदलले की शब्दाचे सगळे वातावरण बदलते, ही मराठीची खास सोय आहे.

प्रत्ययही असेच काम करतात. ‘-कार’ हा प्रतिष्ठेचा प्रत्यय आहे, तो चित्रकाराला, कथाकाराला, शिल्पकाराला लागतो, आणि म्हणून ‘नकलाकार’ म्हटले की साधना केलेला कलावंत डोळ्यांसमोर येतो. ‘नकल्या’ मात्र घरगुती, थोडा लाडिक आणि थोडा तुच्छतेचा शब्द आहे. घरातल्या खोडकर पोराला तो शोभतो, व्यासपीठावरच्या कलावंताला उद्देशून वापरला तर अपमान होतो. ‘कॉपीबहाद्दर’ या शब्दातले ‘बहाद्दर’ उघडच उपरोधाचे आहे.

नकला पाहून हसू का येते, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, आणि त्यावर भारतीय नाट्यविचारात फार मोलाची चर्चा झालेली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्याची ओळख ‘लोकवृत्तानुकरणं नाट्यम्’ अशी करून दिली आहे, म्हणजे लोकांच्या वागण्याचे अनुकरण ते नाट्य. पुढे धनंजयाने दशरूपकात ‘अवस्थानुकृतिर्नाट्यम्’ म्हटले, अवस्थेची अनुकृती ते नाट्य. मग नट हा नकलाकारच ठरतो का? श्रीशंकुक या आचार्याने यावर चित्रातल्या घोड्याचे उदाहरण दिले. भिंतीवर काढलेला घोडा पाहताना आपण ‘हा खराच घोडा आहे’ असे मानत नाही, ‘हा घोडा नव्हे’ असे म्हणून तोंडही फिरवत नाही, ‘घोडा असेल किंवा नसेल’ अशा संशयातही पडत नाही आणि ‘हे घोड्यासारखे काहीतरी आहे’ असा हिशेबही मांडत बसत नाही. या चारही प्रकारांहून वेगळ्या अशा एका जाणिवेने आपण त्याला घोडा म्हणून स्वीकारतो. रंगमंचावरच्या रामाला प्रेक्षक असाच स्वीकारतो, असे त्याचे म्हणणे होते.

नाट्यशास्त्रावर प्रसिद्ध टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांना हे पटले नाही आणि त्यांची हरकत विलक्षण नेमकी आहे. अनुकरण करायचे तर आधी मूळ पाहिलेले असावे लागते. नटाने रामाला कधी पाहिले? आणि जे पाहिलेच नाही त्याचे अनुकरण तो कसे करणार? शिवाय भरतानेच दुसरीकडे सांगून ठेवले आहे की दुसऱ्याच्या हालचालींचे अनुकरण केल्याने हास्य निर्माण होते. नट जर रामाच्या शोकाची नुसती नक्कल करत असेल, तर प्रेक्षकांनी रडण्याऐवजी हसायला हवे होते. ज्या अर्थी प्रेक्षकांचे डोळे भरून येतात त्या अर्थी नट नक्कल करत नाही, दुसरे काहीतरी करतो आहे. हजार वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आजही अभिनेता आणि नकलाकार यांच्यातली रेषा स्पष्ट करून देतो. नकलाकार मूळ माणसाला आपल्यासमोर सतत उभा ठेवतो. ‘बघा, अगदी त्यांच्यासारखे!’ ही तुलना प्रेक्षकाच्या मनात चालू राहिली तरच गंमत येते. अभिनेत्याला ती तुलना विसरायला लावायची असते. म्हणून चांगल्या नटाला ‘नकलाकार’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि नकलाकाराला ‘नुसता नकलाकार’ म्हणणे हा त्याच्यावर. नकलाकाराची कला निरीक्षणाची आहे: मूळ माणसाच्या शेकडो सवयींतून नेमक्या दोन उचलायच्या आणि त्या किंचित वाढवून अशा दाखवायच्या की मूळ माणूस स्वतःलाही नव्याने दिसावा. इथे अस्सल बरहुकूम प्रत चालत नाही, ती कंटाळवाणी होते.

‘सोंग’ आणि ‘बहुरूपी’ हे शब्द याच उघड खेळातले. बहुरूपी, ज्याला रायरंदही म्हणतात, तो पोलिसाचा गणवेश घालून दारात उभा राहतो, दरडावतो, आणि घरातल्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर धास्ती उमटली की हसून हात पुढे करतो. त्याची कला त्या क्षणभराच्या धास्तीत आहे आणि त्याचा प्रामाणिकपणा नंतरच्या हसण्यात. धास्ती तशीच ठेवून तो निघून गेला तर तो बहुरूपी राहत नाही. सगळी सोंगे घेता येतात पण पैशाचे सोंग घेता येत नाही, या म्हणीत ‘सोंग’ ढोंगाकडे थोडे झुकते खरे. तरीही सोंग आणि ढोंग हे दोन शब्द मराठीने वेगळे ठेवले आहेत हे महत्त्वाचे. सोंग घेतात, ते उतरवताही येते. ढोंग उघडे पडते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ: घेतलेले कळले होते का? न समजता केलेल्या अनुकरणासाठी मराठीने दोन प्राणी कामाला लावले आहेत, पोपट आणि माकड. अर्थ न कळता पाठ केलेले म्हणून दाखवणे ही पोपटपंची, आणि दुसऱ्याने शिकवून ठेवलेले तेवढेच बोलणारा माणूस पढवलेला पोपट. माकडाकडे मात्र हालचालींचा वाटा आला आहे. विचार न करता पाहिले तसे करायचे ते माकडासारखे, अशी आपली ठाम समजूत आहे. ही समजूत प्रयोगात टिकलेली नाही, आणि ती कशी कोसळली हे थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे.

व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिंपांझींना आणि तीन ते चार वर्षांच्या मुलांना एक खोका दाखवला होता. त्यातला खाऊ किंवा बक्षीस कसे काढायचे हे माणूस करून दाखवी. आधी तो काठीने खोक्याच्या वरच्या भागात खटाटोप करी आणि मग समोरच्या झडपेतून बक्षीस काढी. वरच्या खटाटोपाचा बक्षिसाशी काहीही संबंध नव्हता. खोका अपारदर्शक असताना हे कळायला मार्ग नव्हता, तेव्हा चिंपांझींनी बहुधा दोन्ही कृती केल्या. नंतर तसाच पारदर्शक खोका दिला. त्यात वरची काठी नुसती एका फळीवर आपटते आणि बक्षिसापर्यंत पोहोचतच नाही हे स्वच्छ दिसत होते. चिंपांझींनी वरचा निरर्थक भाग गाळला आणि सरळ झडपेला हात घातला. मुलांनी मात्र पारदर्शक खोका असतानाही सगळे जसेच्या तसे केले, वरची आपटाआपटही गाळली नाही. म्हणजे पाहिले तसे करण्यात माणसाचे मूल चिंपांझीच्या पुढे निघाले. ‘माकडासारखी नक्कल’ हा शब्दप्रयोग भाषेत राहील, राहायला हरकतही नाही. पण त्यातले शास्त्र उलटे आहे हे माहीत असावे. चिंपांझी हे माकड नसून कपी, म्हणजे इंग्रजीत ज्यांना ‘एप’ म्हणतात त्या बिनशेपटीच्या गटातले, आहेत एवढा फरकही इथे ध्यानात ठेवायला हवा.

या प्रयोगाचा अर्थ मुले मंद असतात असा घेऊ नये. माणसाच्या कित्येक कौशल्यांमध्ये प्रत्येक पायरीचे कारण ती करणाऱ्यालाही ठाऊक नसते. ज्याच्या कंदापासून साबुदाणा तयार होतो त्या कसाव्याच्या कडू जातींमध्ये शरीरात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातले आदिवासी हा कंद किसणे, पिळणे, धुणे, मुरत ठेवणे, शिजवणे अशा लांबलचक पायऱ्यांनी खाण्याजोगा करतात. नुसत्या शिजवण्याने कडूपणा बराच जातो. पण राहिलेल्या विषाचा त्रास वर्षानुवर्षांनी जाणवू शकतो. अशा वेळी ‘ही पायरी कशाला?’ असे म्हणून ती गाळणारा हुशार माणूस आजारी पडतो आणि आजीने केले तसेच करणारी मुलगी निरोगी राहते. न समजता केलेले अनुकरण नेहमीच मूर्खपणाचे नसते. कधी कधी त्यात पिढ्यांनी पारखलेले ज्ञान, कारण न सांगता, पुढे सरकत असते.

म्हणूनच ‘अंधानुकरण’ हा शब्द जपून वापरावा असे मला कळकळीने वाटते. वृत्तपत्रांतल्या लेखांत हा शब्द इतक्या सहजतेने येतो की लिहिणाऱ्याला न आवडलेली कोणतीही नवी गोष्ट पाश्चात्त्यांचे अंधानुकरण ठरते. अंध म्हणजे न पाहणारे. हे विशेषण लावण्यापूर्वी लिहिणाऱ्याने दाखवून द्यायला हवे की अनुकरण करणाऱ्यासमोर कारण दिसण्याजोगे होते, खोका पारदर्शक होता, आणि तरीही त्याने पाहिले नाही. नुसते दुसऱ्याकडून घेणे म्हणजे अंधानुकरण नव्हे. संस्कृतातल्या ‘गतानुगतिको लोको न लोकः पारमार्थिकः’ या वचनात एकामागे एक चालत जाणाऱ्या लोकांवर टीका आहे, तीसुद्धा चालण्यावर नाही, कुठे चाललो हे न पाहण्यावर आहे. ‘मेंढरांसारखे मागे जाणे’ या मराठी बोलण्यातही हाच रोख आहे.

‘री ओढणे’ हा वाक्प्रचार याच्या जवळचा, पण त्याचा सूर वेगळा. पोवाडा म्हणणाऱ्या शाहिरामागे झीलकरी उभे राहून सूर धरतात, पुढच्याचे पद लांबवतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या वाक्प्रचाराची चपखलता लगेच कळते. री ओढणाऱ्याला गाणे कळत नाही असा आरोप त्यात नाही. त्याने स्वतःचे पद रचले नाही, पुढच्याच्या होकारात होकार मिळवला, एवढेच त्यात म्हटले आहे. म्हणून तो मतांना लागतो, कृतींना क्वचितच. वरिष्ठांच्या मताची री ओढतात. वरिष्ठांच्या चालण्याची री ओढत नाहीत.

शिकण्याच्या क्षेत्रात आले की भाषेचा स्वर एकदम मऊ होतो. तिथला शब्द आहे ‘कित्ता’. हाही अरबीतून आलेला, तुकडा या अर्थाचा. सुंदर अक्षराचा नमुना लिहिलेला कागदाचा तुकडा तो कित्ता. शिकणाऱ्याने त्या अक्षरांवरून पुन्हा पुन्हा लेखणी फिरवायची, म्हणजे कित्ता गिरवायचा. जुन्या हिशेबी कागदांत ‘वरीलप्रमाणेच’ या अर्थानेही कित्ता लिहीत. गिरवणे ही लाज वाटण्याची क्रिया नव्हती, वळण लागण्याची वाट होती. आजच्या बातम्यांत ‘आधीच्या सरकारचाच कित्ता गिरवला’ असे वाक्य बहुतेक वेळा टीकेने येते, तर श्रद्धांजलीच्या लेखात ‘त्यांनी घालून दिलेला कित्ता गिरवूया’ असे आदराने येते. शब्द तोच राहतो. ज्याचा कित्ता आहे त्याच्याविषयीचे मत वाक्याचा अर्थ ठरवते.

गिरवण्यापासून स्वतःच्या अक्षरापर्यंतचा रस्ता किती लांब आणि किती स्पष्ट असू शकतो हे संगीतात सर्वांत चांगले ऐकू येते. कुमार गंधर्व लहान असताना मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवत, आणि या अचाट नकलेनेच त्यांना बालवयात कीर्ती मिळवून दिली. ती नक्कलच होती, आणि उत्तम होती. पुढे मुंबईत बी. आर. देवधर यांच्याकडे ते शिकले. वयात आलेल्या कुमारांचे गाणे असे झाले की त्यावर कोणत्याही एका घराण्याचे नाव चिकटवणे जाणकारांना अवघड जाऊ लागले. त्यांनी पुढे बालगंधर्वांच्या नाट्यपदांचा जो कार्यक्रम केला त्याचे नाव ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे ठेवले होते. ज्याला लहानपणी कोणाचाही गळा जसाच्या तसा उचलता येत होता, त्याने प्रौढपणी आपल्या आवडत्या गायकाची नक्कल केली नाही. त्या गायनातले आपल्याला काय उमजले ते आपल्या गळ्यातून मांडले. ‘उमजलेले’ या एका शब्दात नक्कल आणि आत्मसात करणे यांच्यातले अंतर आले आहे. अशा वेळी मराठीत ‘छाप’, ‘संस्कार’, ‘वळण’ हे शब्द वापरावेत. अमक्याच्या गाण्यावर तमक्याची छाप आहे असे म्हटल्याने कोणाचाही मान कमी होत नाही.

‘प्रति’ या उपसर्गाचा तर आणखी वेगळा प्रकार आहे. ‘प्रतिशिर्डी’ किंवा ‘प्रतिपंढरपूर’ म्हणताना भाविक मूळ स्थानाचा महिमा दुसरीकडे पोहोचल्याचे सांगत असतात. साताऱ्याच्या १९४२ नंतरच्या ‘प्रतिसरकार’मध्ये मात्र हाच उपसर्ग इंग्रजी सत्तेला समांतर आणि विरोधी उभे राहण्याचा अर्थ देतो. सारखेपणा दोन्हीकडे आहे, हेतू पूर्णपणे वेगळे.

तिसरा प्रश्न, मूळ माणसाचे काही हिरावले गेले का, हा बाजारात आणि कायद्यात येतो. इथे ‘नक्कल’पेक्षा ‘नकली’ हा शब्द अधिक चालतो, आणि मौज अशी की ‘नक्कल’ हे नाम निर्दोष असू शकते पण ‘नकली’ हे विशेषण जवळजवळ नेहमी दोष घेऊनच येते. नकली दागिना, नकली औषध, नकली नोट. ज्याला निर्दोष प्रत म्हणायचे असते त्याला ‘प्रतिकृती’ म्हणतात. संग्रहालयात ठेवलेल्या मूर्तीची प्रतिकृती असते, तीच वस्तू प्राचीन म्हणून विकायला निघाली की नकली मूर्ती होते. वस्तूत काडीचाही बदल झालेला नसतो, बदल तिच्याविषयी केलेल्या दाव्यात झालेला असतो.

कायदा हा दावा किती बारकाईने तपासतो याचे एक चांगले उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ सालच्या निकालात आहे. ‘अमृतधारा’ या नावाचे औषध आधीपासून बाजारात होते आणि ‘लक्ष्मणधारा’ हे नाव तशाच औषधासाठी नोंदवून मागितले गेले. अमृत आणि लक्ष्मण यांच्या अर्थांत काहीच साम्य नाही, आणि ‘धारा’ हा सर्वांचा शब्द आहे, त्यावर कोणाची मालकी कशी असेल, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने पाहिले ते वेगळे. गिऱ्हाईक दोन नावे शेजारी ठेवून त्यांची फोड करत नाही. त्याला पूर्वी ऐकलेले नाव अर्धवट आठवत असते आणि त्या अर्धवट आठवणीवर तो मागणी करतो. अशा साधारण बुद्धीच्या, बेसावध माणसाची फसगत होईल इतके साम्य पूर्ण नावात आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. तरी दुसऱ्या उत्पादकाने आपले नाव बराच काळ उघडपणे वापरले होते आणि पहिल्याने ते चालवून घेतले होते, म्हणून उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मान्य झाली. सारखेपणा असूनही, तो उघड होता आणि त्याला हरकत घेतली गेली नव्हती, ही गोष्ट निकालात मोजली गेली हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

लपवण्याचे टोक म्हणजे ‘तोतया’. हा शब्द मराठी माणसाच्या मनात इतिहासासह रुजला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका राहून गेली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर तो कधी मानलाच नाही. या अनिश्चिततेतून ‘मीच भाऊ’ म्हणणारा सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण पुढे आला. त्याला पकडून कैदेत ठेवले होते, परंतु १७७६ साली तो सुटला, कोकणात त्याच्याभोवती फौज आणि किल्ले जमा झाले आणि पुण्याच्या कारभाऱ्यांना ते बंड मोडून काढावे लागले. त्याच वर्षी त्याला पुण्यात देहदंड झाला. भाऊंच्या रूपाशी त्याचे साम्य किती होते हा प्रश्न इथे दुय्यम आहे. लोकांना भाऊ परत यायला हवे होते, आणि तोतया नेहमी अशा हव्याशा वाटण्यावर उभा राहतो. नकलाकाराला मूळ माणूस हयात आणि प्रसिद्ध असलेला सोयीचा पडतो, तोतयाला मूळ माणूस गैरहजर असावा लागतो.

कायद्याच्या मराठीनेही हाच शब्द उचलला. भारतीय दंड संहितेच्या मराठी अनुवादात ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ असा शब्दप्रयोग होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ३१९ मध्ये आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याच्या प्रवेशपत्रावर परीक्षेला बसणाऱ्या ‘डमी’ उमेदवाराला बातम्यांत ‘तोतया परीक्षार्थी’ म्हणतात ते म्हणूनच अचूक आहे. शेजाऱ्याचे पाहून लिहिणारा मात्र तोतया नव्हे, तो स्वतःच्याच नावाने बसलेला असतो. त्याच्यासाठी मराठीने ‘कॉपी’ हा इंग्रजी शब्द घेतला आणि त्याला आपला स्वतंत्र अर्थ दिला. मराठीत ‘कॉपी करताना पकडला’ म्हटले की परीक्षेतला गैरप्रकारच समजतो, आणि ‘कॉपीमुक्त परीक्षा’ हा शब्द तर शासकीय अभियानाचे नाव बनला आहे. महाराष्ट्रात अशा गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून स्वतंत्र अधिनियमही आहे.

अलीकडे संगणकाने एखाद्याचा आवाज किंवा चेहरा बनवून नातेवाइकांकडून पैसे उकळण्याचे प्रकार घडतात आणि बातमीत बहुधा ‘आवाजाची नक्कल करून फसवणूक’ असे छापून येते. वरचे तीनही प्रश्न इथे लावून पाहावेत. आपण दुसरा कोणी आहोत हे लपवलेले आहे, मूळ माणसाच्या नावाचा विश्वास हिरावून घेतला आहे, आणि कळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण यंत्राला त्या आवाजातून काही उमजलेले नसते. संगणक साधनाच्या आधारे केलेल्या अशा तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-ड घातले आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तेव्हा अशा माणसाविषयी लिहिताना ‘नक्कल’ हा शब्द कारकुनासाठी आणि कलावंतासाठी राखून ठेवावा आणि याला ‘तोतया’च म्हणावे.